अकरावी ओळ

चूक माझी होती असं तुम्ही लिहिलंत. अहवालाचं पान नऊ, खालून तिसरी ओळ: "कंत्राटी टंकलेखक यांनी संदेशाची खातरजमा केली नाही. खातरजमेची अशी कोणतीही वेगळी पद्धत या कार्यालयात कधीही अस्तित्वात नव्हती." दोन वाक्यं एकमेकांच्या उरावर बसलीत, ते तुम्हाला दिसलं नाही. जी पद्धतच नव्हती ती मी मोडली कशी? पण तुम्ही सही केलीत, शिक्का मारलात आणि सहा महिन्यांत बढतीवर गेलात.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. हुद्दाही नाही. तुम्हाला मात्र पहिल्या ओळीलाच कळलं असेल.

मार्च महिना होता. बारा वर्षं झाली त्याला. पाटबंधारे कार्यालयाच्या मागच्या खोलीत सबनीस नावाचा माणूस माझ्यासमोर स्टूल ओढून बसला होता. तिशीचा, खिशात दोन मोबाईल, विदर्भाच्या उन्हानं नाक सोललेलं. पुण्याच्या कंपनीनं त्याला आमचं काम स्वयंचलित करायला पाठवलं होतं. सकाळपासून संदेश जाईपर्यंत तुम्ही काय काय करता ते एकेक पायरी सांगा, म्हणाला, क्षुल्लक वाटेल तीसुद्धा.

मी म्हटलं, "आधी आमची यंत्रं बघा. तिघी जावा आहेत. एकीचं बोलणं दुसरीला कळत नाही."

पहिली धरणावर, वीस किलोमीटर लांब, विंडोजवाली. तिथला माणूस सकाळी आठला पाण्याची पातळी आणि आज दार किती उघडायचं ते भरायचा. दुसरी आमच्या खोलीत, युनिक्सवाली, माझ्या लग्नाच्याही आधीची. नदीची सगळी कोष्टकं तिच्या पोटात होती. इतकं पाणी सोडलं तर कोणत्या गावाला किती वाजता पोचेल, हे फक्त तिला ठाऊक. ते गणित नव्या यंत्रावर आणायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. तिसरी लिनक्सवाली, ती नदीकाठच्या तेवीस गावांत मोबाईलवर संदेश पाठवायची. आणि या तिघींमधली निरोपी म्हणजे मी. धरणाची फाईल आली की ती युनिक्सच्या ढंगात बसवायची, गणित लावायचं, उत्तर पेनड्राईव्हवर घेऊन लिनक्सकडे न्यायचं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जुन्या जाड्या पुस्तकांतून, चुकत-चुकत, मीच शिकले. कागदावर माझं पद होतं टंकलेखक, तेही कंत्राटी.

आम्ही बोलत असताना कोपऱ्यात डोंगरवारकाका फोनवर होते. दौलत डोंगरवार, निवृत्तीला एक वर्ष राहिलेले, वायरलेसच्या काळात लागलेले. वायरलेसवर निरोप दिला की समोरून "मिळालं" ऐकल्याशिवाय बटण सोडायचं नाही, ही त्यांची सवय. वायरलेस गेलं, सवय राहिली.

त्यांनी आधी धरणावर विचारलं, तुम्ही किती ओळी पाठवल्या. सात, म्हणे. आमच्याकडेही सात. मग संदेश गेल्यावर त्यांनी डोंगेघाटच्या, म्हणजे पाणी सगळ्यात आधी पोचायचं त्या गावच्या, पोलीस पाटलाला फोन लावला.

"आलं का गा, शालिक?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"आलं म्हणू नोको नुसतं. वाचून दाखव."

शालिकनं वाचून दाखवलं. काका डोळे मिटून ऐकत होते, जेवायला बसल्यावर देवाचं नाव घ्यावं तसे. मग धरणावर परत फोन. "डोंगेघाटले आलं. उघडा आता." लांबट वहीत तारीख, वेळ आणि एक शब्द: आलं. त्याच्यापुढे लाल बरोबरची खूण.

सबनीसनं विचारलं, हे काका काय करतात. मी हसले. म्हटलं, गप्पा मारतात. आलं का म्हणून विचारतात, एवढंच.

"रोज करतात?"

"रोज."

"मग ती पायरी आहे ताई. लिहा."

मी लिहिली. माझ्या हातानं, निळ्या पेननं, आखीव कागदावर. बारा ओळींची यादी झाली. त्यातली अकरावी ही. संध्याकाळी ती यादी तुमच्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी टाईप करायला माझ्याकडे परत आली. मी टाईप केली. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी डोंगेघाट सांगायला हवं, कारण तुम्ही तिथं एकदाच आलात, तेही गाडीच्या काचा वर करून.

धरणापासून नऊ किलोमीटर खाली धीवरांची अडतीस घरं. पावसाळ्यात मासे, उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातल्या वाळूत डांगरवाड्या. वाळूत खड्डे करून शेणखत घालायचं आणि डांगर म्हणजे खरबूज, टरबूज, काकडी यांचे वेल सोडायचे. शेजारीच तुराट्यांची खोपडी. फेब्रुवारीपासून मेपर्यंत अख्खं घर त्या वाळूतच. खालच्या शहराला पाणी द्यायला धरणाचं दार उघडलं की ते पाणी या वाळूवरून जातं. मधल्या वाड्या बुडतात, कडेच्या वाचतात. त्यांना त्याची सवय होती. निरोप वेळेवर आला की आदल्या तोडणीचा माल, लेकरं, शेळ्या घेऊन लोक काठावर येऊन बसायचे, पाणी बघत. पाणी सोडायच्या तारखा तुमच्या कार्यालयातून त्या एका महिन्यात तीनदा बदलल्या होत्या. त्यामुळे तारखेवर कुणाचा भरवसा नव्हता. भरवसा होता तो त्या दिवशीच्या निरोपावर.

म्हणजे तिघी जावांची ही साखळी कशासाठी होती? माणसं वाळूतून वर यावीत म्हणून. बाकी सगळं त्याच्या मागून.

सबनीस वाईट माणूस नव्हता. त्यानं तीन आठवडे खपून साखळी जोडली. धरणावरची फाईल आठला निघेल, साडेआठला युनिक्स ती उचलेल, नऊला लिनक्स संदेश पाठवेल. माझ्या पडद्यावर तीन चौकोन, काम झालं की हिरवे, अडलं की लाल. मला आवडलं ते. खोटं कशाला बोलू, पेनड्राईव्ह घेऊन या खुर्चीवरून त्या खुर्चीवर करायचा मला कंटाळा आला होता.

रंगीत तालमीच्या दिवशी धरणावरची लाईट गेली. फाईल आली नाही आणि दुसरा चौकोन लाल झाला. तुम्ही मागे उभे होतात.

सबनीस म्हणाला, बरोबर आहे सर, लालच व्हायला हवं. त्यानं तुम्हाला समजावलं, मी ऐकत होते. तीन यंत्रं, तीन घड्याळं. साडेआठ वाजले म्हणून दुसरीनं कामाला लागू नये, पहिलीचं आजचं काम हातात पडलं तरच लागावं. नाहीतर थांबावं आणि माणसाला हाक मारावी. ती हाक कुणाला जाईल तेवढं ठरवून द्या, म्हणाला, एक दिवसाचं काम आहे.

तुम्ही म्हणालात, "सोमवारी उद्घाटन आहे. पाहुण्यांसमोर पडद्यावर लाल दिसता कामा नये."

"मग फाईल आली नाही तर काय दाखवू?"

"हिरवं दाखवा. कसं ते तुम्ही बघा. त्याचेच पैसे घेता ना."

त्यानं बघितलं. आजची फाईल नसेल तर कालची उचलायची, एवढं त्यात घालून दिलं. जाताना मला म्हणाला, "ताई, हे उद्घाटनापुरतं हं. पुढच्या आठवड्यात येऊन काढतो." त्याला वाटतही होतं तसं. कंपनीनं त्याला मंगळवारी दुसऱ्या राज्यात पाठवलं.

सोमवारी हार झाले, श्रीफळ झालं, तिन्ही चौकोन हिरवे झाले, टाळ्या झाल्या. भाषणात तुम्ही म्हणालात, माणूस चुकतो, मशीन चुकत नाही. त्याच दुपारी काकांना अभिलेख कक्षात बसवलं. कोपऱ्यातला फोन काढून तुमच्या स्वीय सहाय्यकाच्या टेबलावर ठेवला. काकांनी वही उचलली, चष्मा उचलला, मला म्हणाले, "चाला बाई. आता आम्ही कागदांची धूळ खाऊ."

दोन दिवसांनी जनजागृतीसाठी तुम्ही मला डोंगेघाटला पाठवलंत. समाजमंदिरात वीसेक बायका, दहा-बारा पुरुष. मी तुमचं पत्रक वाचून दाखवलं. तोंडी निरोपांवर, अफवांवर विश्वास ठेवू नका. फक्त मोबाईलवरच्या संदेशावर विश्वास ठेवा.

मागून एक बाई उठली. कौतिका मांढरे. पन्नाशीची, काटक, पदर कमरेला खोचलेला. चौथीपर्यंत शिकलेली आहे हे तिनं आधी सांगून टाकलं, म्हणजे मी तिला अडाणी समजू नये.

"आन मेसेज चुकला तं?"

बायका हसल्या. एक म्हणाली, हिचा नवराही चुकत नव्हता, मेसेज काय चुकेल. तिनं त्या बाईकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "माणूस चुकतो, बाई. मशीन चुकत नाही."

तुमचं वाक्य. पण तोंड माझं होतं.

सभेनंतर तिनं मला तिचा मोबाईल दाखवला, संदेश कुठं दिसेल ते विचारून घेतलं, आधीचा एक संदेश बोट ठेवून-ठेवून वाचला. मग खोपडीतून एक डांगर आणून दिलं. पिकलेलं, देठाजवळ तडकलेलं. म्हणाली, आजच खाजा, उद्यापावत राहत नाही. मी एसटीत ते मांडीवर घेऊन आले. अख्ख्या गाडीत वास सुटला होता.

मग सतरा एप्रिल.

सकाळी नऊला मी पडदा बघितला. तीन चौकोन, तिन्ही हिरवे. खाली लिहिलेलं: तेवीस गावांना संदेश यशस्वी. मी चहा प्याले. मार्चअखेरची तुंबलेली पत्रं टाईप करायला घेतली. संदेशात काय लिहिलंय ते उघडून बघितलं नाही. बघायचं काम आता माझं नव्हतं, यादीत तशी पायरी नव्हती. पण डोळे माझे होते आणि ते बघू शकले असते. हे मी चौकशीत सांगितलं. तेवढंच तुम्ही लिहून घेतलंत.

बारा वाजून गेले. साडेबाराला काका डबा घेऊन आले. जागा बदलली तरी जेवायला ते आमच्याच खोलीत यायचे. धरणाची जीप घेऊन आलेला ड्रायव्हरही डबा उघडून बसला होता. बोलता बोलता तो म्हणाला, आज बरंच पाणी सोडलं, अकराला दार उघडलं, मी बघूनच निघालो. काकांनी भाजी माझ्याकडे सरकवली आणि मोबाईल काढला. शालिकला दोन डांगरं एसटीनं पाठवायला सांगायची होती.

"शालिक, दोन डांगर टाक गा एसटीत. काठावरच असशील नं आज, पाणी पाह्यत?"

पलीकडचं ऐकता ऐकता त्यांचा घास हातातच राहिला.

"कोणतं पाणी म्हणजे?"

त्यांनी घास परत डब्यात ठेवला.

"वाचून दाखव."

शालिकनं वाचलं. काकांनी डोळे मिटले नाहीत या वेळी. मोबाईल कानाला तसाच धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शब्द न शब्द मला सांगितला: आज नदीपात्रात विसर्ग नाही.

मी उठले आणि लिनक्सवर गेले. संदेश खरंच तसाच गेला होता. युनिक्सवर बघितलं. तिनं सोळा तारखेची फाईल उचलली होती. सोळाला दार बंद होतं. धरणावर फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, सकाळी संगणक आपोआप अपडेट होत बसला, सव्वानऊला मोकळा झाला, मग मी फाईल पाठवली की. पाठवली होती त्यानं. पंधरा मिनिटं आधी खोटं बोलणं उरकून झालं होतं आणि तिन्ही चौकोन हिरवे होते.

धरणापासून डोंगेघाटपर्यंत पाण्याला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. हे मला तोंडपाठ होतं. अकराला निघालेलं पाणी एक चाळीसला. घड्याळात बारा पन्नास.

धरणावर दार बंद करा म्हटलं तर तो म्हणाला, लेखी हुकूम लागतो, साहेबांना विचारा. तुमचा मोबाईल बंद होता, तुम्ही आढावा बैठकीत होतात. सहाय्यक म्हणाला, चिठ्ठी आत पाठवतो. ती आत कधी गेली मला माहीत नाही. तसाही दार बंद करून उपयोग नव्हता. निघालेलं पाणी माघारी येत नाही.

काका शालिकशी बोलत होते, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, जसे ते वायरलेसवर बोलायचे.

"शालिक. पाणी सुटलं आहे. अकराले सुटलं. मेसेज खोटा आहे. तुया हातात पाऊण तास आहे. फोन नोको करत बसू कोणाले, पाय चालव. सांगून झालं की मले सांग. मी फोन ठेवत नाही."

आणि खरोखर त्यांनी ठेवला नाही. शालिकनं मोबाईल चालूच शर्टाच्या खिशात टाकला असावा. आम्ही दोघं त्या फोनवर वाळूत पळणाऱ्या पावलांचा आवाज ऐकत बसलो. धाप. हाका. कुणीतरी शिवी दिली. शेळ्या. मग पुन्हा धाप. मी नवा संदेश तयार करून तेवीस गावांना स्वतः पाठवला. पण वाळूत काम करणारा माणूस दुपारी मोबाईल हातात घेऊन बसत नाही. तो सकाळी नऊला बघतो, त्या दिवसाचं काय ते ठरवतो आणि मोबाईल खोपडीत ठेवतो.

दीडच्या सुमारास शालिकचा आवाज आला. सगळे वर आले, म्हणाला. फक्त एक खोपडी राहिली.

"कोणाची?"

"कौतिकाची. येत नाही म्हणते."

पुढचं आम्हाला नीट ऐकू आलं नाही. शालिकनं नंतर सांगितलं, चौकशीतही सांगितलं, आणि ते तुम्ही लिहून घेतलं नाहीत, म्हणून मी लिहिते.

ती वेलांमध्ये वाकून डांगर तोडत होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता. शालिक म्हणाला, चाल वर, पाणी येऊन रायलं. तिनं खोपडीतून मोबाईल आणला आणि त्याच्यासमोर धरला. सरकारनं लिहून देलं, म्हणाली, आज नाही येत. तू दुपारीच पाणी कुठून घेऊन आला? शालिकनं हात धरला, तिनं झटकला. नवा संदेश आलाय का ते बघ, असं तो म्हणाला. तिनं बघितलं. वाळूत रेंज कधी असते, कधी नसते. त्या वेळी नव्हती. तिच्या हातात शेवटचा शब्द होता तो सकाळचा. आणि गावात येऊन एका बाईनं तिला सांगितलं होतं की तोंडी निरोपावर विश्वास ठेवू नको.

शेवटी वरून लोकांनी ओरडायला सुरुवात केली. तिनं मान वर करून नदीकडे बघितलं तेव्हा तिलाही दिसलं. शालिक धावला, तो वाचला. तीही धावली. पण खोपडीपाशी वळली, काय घ्यायला ते कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुलाच्या खांबाशी सापडली. अडतीस घरांपैकी सदतीस घरांची माणसं वाचली याबद्दल तुमच्या अहवालात 'समाधानाची बाब' असा शब्द आहे.

आता ती यादी.

तुमच्या केबिनमधून परत आली तेव्हा अकराव्या ओळीवर आडवी रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पट्टी लावून मारावी तशी सरळ. मी केबिनमध्ये आले. विचारलं, साहेब, ही पायरी काढायची का, काका रोज करतात. तुम्ही वर न बघता म्हणालात, "आलं का, आलं का. हे कार्यालय आहे की चावडी? स्वयंचलित म्हणजे मध्ये माणूस नको. स्वच्छ टाईप करून आणा."

मी स्वच्छ टाईप करून आणलं. बाराच्या अकरा ओळी केल्या. शेवटची ओळ मीच नीट बसवली: ठरल्या वेळी दार उघडणे. तुमची सही झाली. माझी तिथं सही नाही, टंकलेखकाची नसते. पण अक्षरं माझी आहेत. मला नोकरी हवी होती. घरी दोन मुली होत्या आणि कंत्राट दर अकरा महिन्यांनी तुमच्या हातात होतं. हे कारण आहे. माफी नाही.

चौकशीत मी ती हातानं लिहिलेली यादी मागितली. उत्तर आलं, अशी यादी नाही. काकांनी त्यांची वही नेली, एकोणीस वर्षांचे 'आलं' एकाखाली एक. ती वही शासकीय नोंदवही नाही म्हणून परत दिली. माझं कंत्राट संपलं. धरणावरच्या ऑपरेटरला समज मिळाली. सबनीसची कंपनी पुढच्या जिल्ह्यात गेली.

काकांना मी यादीचं सगळं सांगितलं. रेघेचं आणि टायपिंगचंही. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"टाईप करणाराचं एक पाप आहे, बाई. त्याचं नाव तू घे," ते म्हणाले. "रेघ मारणाराचं त्याले घेऊ दे. पण विचारल्याबिगर तो घेणार नाही."

नंतर मी नागपूरला आले. आज एका औषधांच्या मोठ्या गोदामात हेच काम करते. अकरा यंत्रं, चार जातींची. साखळ्या मी बांधते. नवी मुलं मला नियम विचारतात, बाहेर त्यांना मोठमोठी इंग्रजी नावं आहेत. मी सांगते ते एवढंच. घड्याळ बघून काम सोडू नका, आधीचं हातात पडलं का ते बघून सोडा. पाठवलं किती, पोचलं किती, दोन्हीकडे मोजा. शिळी फाईल दिसली की जागच्या जागी थांबा, आणि थांबल्यावर ज्याला हाक जाईल त्या माणसाचं नाव आधी लिहून ठेवा. लाल दिसलं म्हणून कुणी मरत नाही. आणि सगळ्यात शेवटी जो माणूस आहे, ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्याचं 'आलं' ऐकल्याशिवाय दार उघडू नका. मुलं म्हणतात, मॅडम, कुठल्या कोर्समध्ये शिकलात. मी म्हणते, एका वायरलेसवाल्याकडे. त्यांना चेष्टा वाटते. तुम्ही ज्याला चावडी म्हणालात ना, तो सगळ्यात पुढचा शहाणपणा होता, आणि तो आमच्याकडे एकोणीस वर्षं फुकट चालला होता.

काका गेले त्याला चार वर्षं झाली. वही माझ्याकडे आहे.

यादीसाठी मी माहितीच्या अधिकारात अर्ज करत राहिले. अस्तित्वात नाही. मग, शोध सुरू आहे. मग, गहाळ. सातव्या अर्जाला, मागच्या महिन्यात, कुणीतरी नवीन, बहुधा तुमचं नाव न ऐकलेला कारकून असावा, त्यानं एक साक्षांकित झेरॉक्स पाठवली. बारा ओळी. माझं अक्षर. अकराव्या ओळीवर सरळ आडवी रेघ, आणि रेघेखालून शब्द अजून वाचता येतात: "प्रत्येक यंत्राचे काम झाल्यावर पुढच्यास फोन करून 'आलं का' विचारणे. शेवटी डोंगेघाटचे 'आलं' ऐकल्याशिवाय दार न उघडणे."

म्हणजे पद्धत होती. तुमच्याच कागदावर होती.

झेरॉक्सला रंग नसतो. त्यावर माझी निळी अक्षरंही काळी आहेत आणि ती रेघही काळी आहे. मी मूळ कागद बघायला मागितला. उत्तर आलं, मूळ प्रत आढळून येत नाही. झेरॉक्स आढळते, मूळ आढळत नाही. चालू द्या.

माझ्या वाट्याचं मी वर लिहिलं आहे. वाक्य माझ्या तोंडून गेलं, यादी मी टाईप केली, संदेश मी उघडून बघितला नाही. कौतिका मांढरेच्या घरी जाऊन तिच्या सुनेसमोर हे तिन्ही मी बोलून आले आहे. तिनं मला पाणी दिलं आणि एकच विचारलं: रेघ कोणी मारली, ते साहेब सांगत काऊन नाही?

त्या कार्यालयात हिरव्या शाईनं लिहायचा अधिकार एकाच खुर्चीला होता. हिरवं पेन एकाच खिशात असायचं. मी तो कागद रंगात पाहिला आहे. तुम्हीही पाहिला आहे. आता त्या कागदाचे साक्षीदार आपण दोघंच उरलो.

तुम्ही निवृत्त झालात, बंगला बांधलात, सकाळी फिरायला जाता, सगळं कळतं मला. माझं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचलं हेही मला कळेल, कारण मी ते रजिस्टर पोस्टानं पाठवते आहे, पोचपावतीसकट. पण पोचपावती म्हणजे उत्तर नाही. ते मी डोंगरवारकाकांकडून शिकले. समोरून शब्द आल्याशिवाय मी फोन ठेवणार नाही.

अकराव्या ओळीवरची ती रेघ कोणत्या रंगाची होती?